नायक अजून उंबऱ्यात

१ जानेवारी १९७४, शिरूर

कादंबरी यंदा आंबेडकर जयंतीला काढायची म्हणजे काढायची. मंडळात सगळ्यांसमोर बोलून बसलोय. चौदा एप्रिल, स्टेजवर प्रकाशन. अर्पणपत्रिका तयार आहे: 'सौ. गिताबाईस, जिच्यामुळे हे पुस्तक पुरं झालं.' पुस्तक तेवढं राहिलंय. नायक दिवाळीपासून स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात उभा आहे. त्याला आत घ्यावा की माघारी पाठवावा, ठरत नाही.

३ जानेवारी, संध्याकाळ

नायक उंबऱ्यातच. कारण उघड आहे, घरातला खडखडाट. गिताचं शिवणाचं मशीन दिवसभर चालू. बायका झंपराची कापडं घेऊन येतात, बसतात, उठायचं नाव घेत नाहीत. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लागलो की हिचं पायडल मधेच थांबतं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, ते वाक्य चांगलं होतं म्हणून थांबले. अशानं लेखकाचं लक्ष उडतं. बाजार समितीत दिवसभर कारकुनी करून आलेल्या माणसाला घरात शांतता नको?

६ जानेवारी

निर्णय. गितानं दौंडला माहेरी जाऊन राहायचं. पुस्तक संपलं की मी स्वतः न्यायला येतो असा शब्द दिला. कवा संपंल, म्हणाली. तू गेलीस की लगेच, म्हटलं. बराच वेळ हातातल्या कापडाकडं बघत बसली. मग कापड घडी करून ठेवलं. समजूतदार आहे.

८ जानेवारी

गिताला दौंडच्या गाडीत बसवून दिलं. मशीन जड, ते राहिलं घरीच. घर एकदम शांत. उद्या पहाटे बसतो.

९ जानेवारी

उठायला उशीर झाला. उठवायला कोणी नव्हतं.

२० जानेवारी

शांततेला सोयी लागतात हे आधी लक्षात आलं नाही. लाकडी खुर्ची टोचते. ऑफिसात मोडीत निघालेली आरामखुर्ची उचलून आणली, नवं कापड लावून घेतलं. नायकाचा विचार करता करता डोळा लागला. खुर्ची फर्स्टक्लास.

२ फेब्रुवारी

फार शांततेनं डोकं बधिर होतं. म्हणून ट्रान्झिस्टर. आधी बातम्या, मग गाणी, मग शेतीचा कार्यक्रम. कांद्यावरच्या करप्याबद्दल पुष्कळ माहिती मिळाली. कादंबरीत कुठंतरी बसवता येईल.

१५ फेब्रुवारी

हॉटेलवाला हौशीराम आता किटलीनं चहा पाठवतो. चहानं पित्त झालं. पित्तावर पान सुरू केलं. पानानं तोंड भरलं की मोठ्यानं वाचता येत नाही. तसं ऐकायलाही कोणी नाही, त्यामुळे अडत नाही.

दौंड गाडीचा कंडक्टर भिमाजी निरोप घेऊन आला. गिता विचारते, किती झालं. झालंच म्हणून सांग, म्हटलं. ते खोटं नाही. मनात सगळं झालंय.

३ मार्च, दुपार

शोध लागला! मशीनचं झाकण हे लिहायला उत्तम टेबल आहे. वही ठेवली, पाय आपोआप पायडलवर गेला. खाली खडखड सुरू, वर पेन सुरू. नायकानं उंबऱ्यातून एक पाय उचलला. एक आख्खं पान झालं. हे आधी का सुचलं नाही कळत नाही.

तेवढ्यात शेजारच्या पार्वतीबाई कापड घेऊन दारात. मशीनचा आवाज ऐकून आल्या होत्या. गिता आली का, म्हणाल्या. मीच आहे, म्हटलं. माझ्या पायाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावसाहेब, सासरहून कुणी न्याया गेल्याबिगर बाई माघारी येती व्हय? ती तुमची वाट बघत आसंल."

पुस्तक झालं की जाणार आहे, म्हटलं. कापड पदराखाली घेऊन निघून गेल्या. नायकाचा उचललेला पाय तसाच राहिला.

२४ मार्च

रविवार. जरा फिरायला म्हणून एसटी स्टँडवर गेलो. दौंडची गाडी लागलेली होती. दारात गर्दी नव्हती, खिडकीची जागाही रिकामी होती. पण पुस्तक झाल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं? दिलेला शब्द मी मोडत नाही. गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो. येताना पान खाल्लं.

७ एप्रिल

मेहुणा पोपट आला. दौंडला विहारात बायकांचा शिवणवर्ग निघालाय. गिता शिकवते. तिनं मशीन मागितलंय. कधीपर्यंत लागेल, विचारलं. आता तिकडंच लागंल, म्हणाला.

मला राग आला असावा. नक्की कळलं नाही. त्याच्यासाठी चहा मागवला. पुस्तक किती झालं ते त्यानं विचारलं, तेव्हा अर्पणपत्रिका काढून वाचून दाखवली. चहाचा कप खाली ठेवला त्यानं.

"दाजी, हे तिला कवा दावलं व्हतं?"

पुस्तक छापून आलं की दाखवणार होतो, म्हटलं.

"येवढं येक पान घिऊन आला आसता तरी आली आसती वो ती. फेब्रुवारीपत्तूर पिशवी भरूनच ठिवली व्हती तिनं."

मशीन जड, एका बाजूनं मीच धरलं. स्टँडवर गाडीच्या टपावर चढवलं, दोरी बांधली. झाकण निसटू नये म्हणून गाठ नीट बघून घेतली. पोपटनं विचारलं, येताय का. म्हटलं, उद्या ऑफिस आहे.

१४ एप्रिल, रात्री

जयंती. मिरवणूक दारावरून गेली. बँड चांगला होता. मंडळाची पोरं येऊन गेली, स्टेजवर चला म्हणाली. पुस्तक प्रेसमध्ये अडकलंय, सांगितलं. प्रेसवाल्यांचं काही खरं नसतं, असंही सांगितलं. त्यांना पटलं.

मग लिहायला बसलो. नायकाला अखेर आत घेतला. घरात कोणी नव्हतं, असं लिहिलं. मोठ्यानं वाचलं. वाक्य चांगलं उतरलंय, या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं. सवयीनं वाचायचा थांबलो आणि मशीन थांबायची वाट बघितली.

बराच वेळ बघितली.

नंतर आरामखुर्ची सरकवून खिडकीपाशी, मशीनच्या जागेवर आणली. तिथं उजेड बरा येतो.