चौथी चौकट

घणसोली गाव,
४ फेब्रुवारी २०२४

ती. क्रांतीताईस,
अस्मिताचा स. जयभीम वि. वि.

तुझा फोन बिघडल्यापासून आपण पत्रे लिहू लागलो, हे मला मनापासून आवडले आहे. मात्र तुला लिहिलेली पत्रे तुझ्या पत्त्यावर न टाकता शेजारच्या शेवंताबाईंकडे का टाकायची, हे काही उमगले नाही.

आज सकाळपासून मी दोन माणसे मारली. एकाला कोयत्याने, दुसऱ्याला खाडीत बुडवून. दचकू नकोस. अभिराम सरांच्या गुन्हेमालिकेचा प्रत्येक प्रसंग चित्रीकरणाआधी चौकटींमध्ये रेखाटून द्यायचा, हेच सध्या माझे काम. नोकरी सोडताना वाटले होते, मुलांच्या पुस्तकांत मांजरी आणि ढग काढीन. मागणी मात्र रक्ताला आहे. सरांचा फोन आला की मनात नाही असते आणि तोंडातून हो निघून जाते. बालपुस्तक तसेच पडून आहे. वर्षभर स्वतःच्या चित्रांवर उभी राहून दाखवीन, नाहीतर गावी परत येईन, असे आईला कबूल केले आहे. म्हणून नाही म्हणायची भीती वाटते.

सध्या एका प्रसंगापाशी अडले आहे. स्वयंपाकघरात नवरा बायकोला मारतो. तीन चौकटी झाल्या, ती खाली पडली. चौथी कोरीच आहे. सर म्हणतात, तिने किंकाळी फोडावी. मला ते खोटे वाटते. शाळेच्या नाटकांत तुझ्याइतके चांगले कोणी पडत नसे. पडल्यावर ती काय करील?

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
अस्मिता

*

तळोजा,
१० फेब्रुवारी

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

चित्रकारबाई, स्वतंत्र म्हणवता आणि अभिरामच्या फोनसरशी ताटावरून उठता. मग नोकरी काय वाईट होती? आता माझे नियम ऐक. संध्याकाळी सहाला पेन्सिल खाली ठेवायची. एकाच्याच तालावर नाचायचे नाही. मांजरी आणि ढगही काढायचे. आणि नाही म्हणायला शीक. आरशासमोर म्हणून बघ, दात पडत नाहीत.

आता तुझी चौकट. किंकाळी कसली? किंकाळीने शेजार जागा होतो आणि मग दुसऱ्या फेरीला तेच निमित्त होते. तो तळहाताने मारत नाही, डब्याने मारतो. कामावरून आणलेला स्टीलचा डबा, हातात असतोच. कानामागे मारतो, तिथे केस असतात. पडल्यावर आधी ऐकू येईनासे होते, मग ओट्याची कड दिसते. गॅसवर दूध असेल तर ती उठते आणि गॅस बंद करते. उतू गेले तर आणखी एक कारण मिळेल ना.

मालिका पाहून पाहून कळते गं सगळे. यांची तब्येत चांगली आहे.

जेवत जा. आठवण ठेव, म्हणजे मीही आहे असे वाटते.

तुझी ताई,
क्रांती

*

घणसोली गाव,
१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुझी चौकट पाहून सरांनी कागद उजेडाला धरला. मग म्हणाले, पोरी, हे आणलेस कुठून? मी लाजून कागद गोळा करू लागले. आता वर्षभर सगळे काम मलाच द्यायचे म्हणतात. अट एकच, दुसऱ्या कोणाचे काही घ्यायचे नाही. उत्तर अजून दिलेले नाही. आरशासमोर सराव चालू आहे.

स्वयंपाकघर मात्र तुझेच काढले. निळ्या फरश्या, खिडकीतून दिसणारे कारखान्याचे धुराडे, झाकणाला पोचा असलेला भावोजींचा डबा. डोळे मिटूनही काढता येईल असे तेवढेच घर आहे ना! सरांच्या परवानगीने चारही चौकटी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लावल्या आहेत. ते पान म्हणजे आम्हा एकट्याने काम करणाऱ्यांचे दुकान. माल मांडला नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? शेकडो लोकांनी पाहिले. तू कधी पाहशील?

तुझ्या कौतुकाची हावरट,
अस्मिता

*

तळोजा,
२४ फेब्रुवारी

अस्मिता पोरी,
तुमच्यातला जयभीम घे.

मी शेवंताबाय लिवतंय. तुजं चितार कंपनीच्या बसमदी कोनीतरी तुज्या भावोजीला, रणजीतला दाखवलान आनि हसून बोलला का अरे, हे तर तुजं घर, डबा पन तुजाच हाय. घरी येऊन त्यानी दार लावलान. भिंतीपलीकडं मी सगला आयकला. मी दार वाजवला तवा थांबला. क्रांतीचा उजवा हात मोडलाय. डाक्टरला जिन्यावरून परली असा सांगितलाय.

तिचा फोन बिघरलेला नाय, त्यानीच फोरलाय. तुजं कागद माज्या घरी का येतान, ते समाजला ना आता? तू शिकलेली हायस पोरी, पन दुसऱ्याचं घर दुकानात टांगायच्या आदी इचारावा. रडू नको. ये.

शेवंताबाय

*

तळोजा, शेवंताबाईंच्या घरून,
२६ फेब्रुवारी

ताई,

नमस्काराचे शब्द आज सुचत नाहीत. चित्रे काढून टाकली. पण ज्याने पाहायला नको होते, त्याने ती पाहिलीच.

मी तुझ्या दारात आले होते. भावोजी म्हणाले, ती झोपली आहे. मग माझी चित्रांची पिशवी त्यांनी जिन्यावरून खाली भिरकावली आणि विचारले, आता पुढच्या चौकटीत कोणाला पाडू, तुला की तिला? त्यांच्या मागे तू उभी होतीस. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून तू मानेनेच मला जा म्हणालीस. मी गेले. तेव्हाही मी नाही म्हटले नाही.

मी पोलीस चौकीवर निघाले होते. शेवंताबाई म्हणाल्या, तू पाठीशी राहा, पण तोंड तिचे तिने उघडले पाहिजे, नाहीतर ती पुन्हा जिन्यावरून पडले असेच सांगेल. म्हणून थांबले.

एवढे मात्र केले. सरांना फोन लावून सांगितले की हाती घेतलेला प्रसंग पुरा करीन. वर्षभर फक्त तुमचेच काम करणे मला जमणार नाही. दात खरेच पडले नाहीत. नाही हा जो एक शब्द तू मला शिकवत होतीस, तो तुला त्या घरात म्हणता येत नव्हता, हे मला दिसले नाही.

माझ्या खोलीत दोघींना पुरेल एवढी जागा आहे. बालपुस्तकाचे कामही मिळाले आहे. बोलाव, आणि मी येईन.

अस्मिता

*

पनवेल, रुग्णालय,
१ मार्च

चि. अस्मितास,
सप्रेम जयभीम वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. पहिलीतल्या मुलीचे अक्षर म्हणून हस हवे तर.

काल रणजीत कामावरून आला. यांना, त्यांना असे आता लिहिणार नाही. डबा हातात होता. कारण काहीच नव्हते, दूधही अजून उतू गेलेले नव्हते. कानामागे बसला आणि मी पडले. ओट्याची कड दिसली. उठले. सवयीने डावा हात गॅसकडे गेला. तिथे तुझी चौकट आठवली, आणि वाटले, ही बाई जन्मभर गॅसच बंद करत राहणार. तोवर त्याने डबा पुन्हा उचलला होता. मी गॅस तसाच ठेवला, सांडशीने पातेले धरले आणि उकळते दूध त्याच्या अंगावर फेकले.

मान आणि खांदा भाजला आहे. जगेल. पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतले. मी यावेळी जिना सांगितला नाही. शेवंताबाईंनी त्यांचा जबाब अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा दिला. माझ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, असे इथली वकीलबाई म्हणते. होऊ दे, कोर्टात उभी राहीन. चित्र लावण्याआधी तू मला विचारायला हवे होतेस. पुढे विचारशील, एवढे पुरे.

आता कामाचे. चौथी चौकट मी तुला चुकीची सांगितली होती. ती खोडून नव्याने काढ, आणि स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाचे तरी घे. तुझ्या सरांना किंकाळी हवी होती ना? खरेच होती. फक्त तोंड नवऱ्याचे काढ.

सहा वाजले की पेन्सिल खाली ठेव आणि मला न्यायला ये.

तुझी,
क्रांती