तावडेकाकूंची तळमजल्यावरची खोली

कन्नमवार नगरातली तळमजल्यावरची खोली तावडेकाकूंनी मला दिली की रुग्णांना? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, आणि ज्यांना देता आलं असतं त्या आता नाहीत. पण माझ्या मागे कुणावर हा प्रश्न सोडवायची वेळ येऊ नये, म्हणून हे मृत्युपत्र.

मी, श्रुतिका बळवंत धुरी, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार पार्कसाईट, विक्रोळी (पश्चिम), मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणाचाही दबाव नाही. मला कोणताही आजार नाही. डॉक्टरांकडे दाखला मागायला गेले, तर त्यांनी आधी माझं बीपी पाहिलं, मग सोबत आलेल्या आईचं. तिचंच जास्त निघालं.

१. माझ्या भविष्य निर्वाह निधीची आणि बचत खात्यातली सर्व रक्कम आई, सौ. शेवंती, हिला मिळावी. तिने ती नातेवाइकांना उसनी देऊ नये. देईलच.

२. माझं पदवी प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं आहे. आमच्या घरातलं ते पहिलंच. ते बाबांचं आहे, असं मी आजच जाहीर करते. त्याला हार घालू नये.

३. रुग्णांना घरी वापरायला साहित्य देणाऱ्या ‘उसंत रुग्णसाहित्य केंद्र’ या आमच्या नोंदणीकृत संस्थेतल्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर आणि कुबड्या यांपैकी काहीही माझं नाही. मी फक्त विश्वस्त आहे. ते मला मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही आणि माझ्या वारसांना मागताही येणार नाही. माझ्या नावाची पाटी कोणत्याही खुर्चीवर लावू नये. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेल्या तीन खुर्च्या वर्षभर पडून होत्या. एक गृहस्थ तर म्हणाले, "आमचे बाबा अजून आहेत हो, त्यांना कैलासवासींच्या मांडीवर कशाला बसवता?" शेवटी आम्ही देणगीदारांच्या घरी जाऊन परवानगी घेतली आणि नावं पुसली.

४. संस्थेच्या कागदपत्रांची निळी फाईल संस्थेच्या कपाटातच राहावी. नव्या विश्वस्तांनी तिचं पहिलं पान जरूर वाचावं. सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा. विश्वस्त बदलला किंवा मालमत्ता वाढली, तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. आणि संस्थेची वस्तू सोयीसाठीसुद्धा स्वतःच्या नावावर घेऊ नका. ही शेवटची ओळ मी लाल शाईने लिहिली आहे, कारण ती चूक माझी आहे.

झालं ते असं. तावडेकाकूंचे यजमान आमच्याच खाटेवर गेले. काकूंना मूलबाळ नव्हतं. खाट परत करायला आल्या तेव्हाच म्हणाल्या, "माझी खोली घे, सामान ठेवायला." तेव्हा संस्थेची नोंदणी व्हायची होती. मी थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, "मी संस्था-बिंस्था ओळखत नाही गं, तुला ओळखते. तुझ्या नावावर कर." बक्षीसपत्र माझ्या नावाने झालं. त्यात रुग्णांचा उल्लेखही नाही.

पुढे संस्था नोंदली गेली, काकू वारल्या, आणि तीन वर्षं मी खोली संस्थेच्या नावावर केली नाही. कामं होती, हे खरं. पण इमारत पुनर्विकासाला जाणार, खोलीच्या जागी मोठा फ्लॅट मिळणार, हे कळल्यावर आईने त्या फ्लॅटसाठी घरातल्या पडद्यांचं माप घेतलं, तेव्हाही मी तिला थांबवलं नाही. हेही खरं.

५. माझा मोठा भाऊ कृणाल याने बारावीनंतर कुरिअरची नोकरी धरली, म्हणून मी कॉलेजात गेले. त्याचं लग्न ठरलं आहे. खोली मी संस्थेला देणार हे कळल्यावर तो म्हणाला, "झकास शुते! दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना फ्लॅट, आणि तुझ्या वहिनीला पोटमाळा. यासाठी शिकवलं तुला?" या कलमात मी त्याला माझी स्कूटर लिहिली होती. मसुदा वाचून म्हणाला, "तू मरेपर्यंत मी काय बसने फिरू? आत्ता दे. टाकी फुल करून दे." टाकी भरून दिली. मग म्हणाला, "आता तुझ्या कागदात माझं काही उरलं नाही ना? मग साक्षीदार व्हायला मी मोकळा. सही कुठे करायची ते दाखव." म्हणून हे कलम रिकामं आहे. मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

६. खोलीबाबत. पहिल्या मसुद्यात इथे ‘माझ्या पश्चात खोली संस्थेस मिळावी’ असं होतं. मुलुंडचे वकील देवेश गोठणकर, जे दर शनिवारी आमच्यासारख्या संस्थांना फुकट सल्ला देतात आणि फुकट रागावतातही, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. आज देताय, उद्या सासरच्यांनी गळ घातली की खोडाल. द्यायचंय ना? मग मरायची वाट कसली बघताय?"

मी उठून बाहेर आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

गेल्या सोमवारी मी ती खोली संस्थेला बक्षीसपत्राने दिली. दस्त नोंदला आहे, सोसायटीची ना-हरकत जोडली आहे, बदल अर्जाची पोच निळ्या फाईलमध्ये आहे. किल्ली सहविश्वस्त सुलक्षणा पेडणेकर यांच्याकडे दिली. म्हणून या मृत्युपत्रात त्या खोलीची व्यवस्था नाही. ती आता माझी नाही.

सही: श्रुतिका बळवंत धुरी

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली व आम्ही तिच्या समोर सह्या केल्या.
साक्षीदार १: कृणाल बळवंत धुरी
साक्षीदार २: सुलक्षणा पेडणेकर

स्थळ: विक्रोळी, मुंबई
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५