आजाऱ्याची शहाळी

जुईनगर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. चारुताईंस सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून सांगण्यासारख्या ह्या गोष्टी नाहीत, म्हणून तुमच्या गावाहून इथल्या बाजारात मासळी घेऊन आलेल्या रखमाच्या हातीच चिठ्ठी देते. तुमच्या भावाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे, तरी रक्तातलं पोटॅशियम वाढतंच आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरात काहीतरी चुकतंय, ते शोधा. असंच चाललं तर हृदय बंद पडेल.

तेव्हापासून मी घरात पोलिसासारखी वावरते. केळी, बटाटा, टोमॅटो बंद. भाज्या उकळून पाणी ओतून टाकते, मग फोडणीला घालते. चव कसली राहणार? काल हे तळोज्याच्या ऑफिसातून आले, तेव्हा मी त्यांची बॅग उघडली. फार लागलं त्यांना. शपथेवर म्हणाले की बाहेर चहासुद्धा घेत नाही. माझा विश्वास बसला नाही आणि आता घरात अबोला आहे.

पाणीही मोजून मिळतं. त्यात तुम्ही धाडलेलं शहाळं धरते. तेवढंच ते हसून पितात.

मन थाऱ्यावर नाही. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वैदेही


मोरा, ७ फेब्रुवारी

चि. सौ. वैदेहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. दिलीप लहानपणी आमसुलांची बरणी रिकामी करून नाव मांजरावर घालायचा. मांजर आमसुलं खातं का, एवढाही विचार नाही! तेव्हा बॅग सोड, ऑफिसातला खण बघ.

पण मला एक कळत नाही. चिमणीएवढं खाणाऱ्या माणसाच्या अंगात एवढं विष साचतं कुठून?

ऊन तापायला लागलंय. त्याच्या अंगाची आग होत असेल. उद्यापासून रखमा एकाऐवजी दोन शहाळी आणेल. दुसरं पाणी कमी दे, पण हे पोटभर दे. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात. माझे गुडघे मला तिथवर येऊ देत नाहीत, निदान हात तरी पोचू देत.

अबोला सोड. तो हट्टी आहे, तू शहाणी आहेस.

तुम्हां दोघांचं सदैव बरं चिंतणारी,
चारुताई


जुईनगर, १३ फेब्रुवारी

ती. चारुताईंस सा. न. वि. वि.

हे आता बरे आहेत, ते आधी वाचा आणि मग पुढचं.

मंगळवारी सकाळी खुर्चीतून उठता उठता पायांतला जोरच गेला आणि ते खाली बसले. हॉस्पिटलात नेलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. इंजेक्शनं दिली, तातडीनं डायलिसिसला घेतलं. मी बाहेर बाकावर होते. मला देवाचं नावसुद्धा आठवेना, ताई.

विष कुठून येतं, असं तुम्ही विचारलं होतंत. डॉक्टरांनी समजावलं, की अंगातली प्रत्येक पेशी अन्नातून शक्ती घेते आणि उरलेला केर रक्तात टाकते. मूत्रपिंडं तो केर, आणि खाण्यापिण्यातून आलेलं नको तेवढं पोटॅशियमही, लघवीवाटे बाहेर काढतात. आमच्या सोसायटीत घंटागाडी आली नव्हती, तेव्हाचा जिना तुम्ही पाहिलाय. कोणी वाईट काही टाकलं नव्हतं, रोजचंच होतं. उचलायला मात्र कोणी नव्हतं.

चूक माझीच झाली. भाज्या उकळण्यात मी हलगर्जीपणा केला. ह्यांची बॅग पुन्हा कधी उघडणार नाही.

आणि हो, शहाळी आता धाडू नका. ह्यांना कंटाळा आलाय. आजची दोन रखमाबरोबर परत पाठवते आहे. राग मानू नका, आणि आमची आठवण ठेवा.

तुमची,
वैदेही


मोरा, १५ फेब्रुवारी

चि. सौ. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

शहाळी परत आलेली पाहून आधी मला रागच आला. दिलीपला शहाळ्याचा कंटाळा? तापानं फणफणलेला असतानाही त्यानं मलई खरवडून खाल्ली आहे. मग मनात पाल चुकचुकली. तुझं पत्र घेऊन गावातल्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना वाचायला दिलं. ते म्हणाले, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगल्या माणसाला ते अमृत, पण ज्याची मूत्रपिंडं गेली त्याला नाही.

मला तिथून उठवेना. तू भाजी उकळून जे काढून टाकत होतीस, तेच मी शहाळ्यातून त्याला पाजत होते. एकानं भागेना म्हणून दोन.

तू भाजीवर घेतलंस. पोरी, तू आणि हलगर्जीपणा? खोटंसुद्धा धड सांगता येत नाही तुला. शहाळं आपण दोघींनी पाण्यात धरलं, तेव्हा निम्मी चूक माझ्याकडे राहू दे. सगळी तू एकटी नेऊ नकोस.

गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत, रविवारी मी येते आहे. पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं येणार आहे. दार तूच उघड.

तुझी,
चारुताई