उजेडाचा धक्का

अहेरी, रविवार

रामाजीभाऊंस मुश्ताकचा सलाम अन् रामराम, दोन्ही.

ऊर्जानगरात तुमचा खोकला कसा आहे? वहिनीले नमस्कार. इथी आमी खुशाल (उजवा गुडघा सोडून, ते पुढं येतेच). फोनवर सांगण्यासारखं नाई, म्हणून पत्र.

तुमी म्हटलं होतं, माझ्या गोदामात मशीन मांडून बसलेल्या आपल्या दिव्यानीले समजवा अन् स्थळ पाहाले घरी धाडा. म्हणून गेलो. तोंड उघडायच्या आधीच पोरीनं हात जोडले. "काका, तुमची रंदा मशीन बंद करा न. माह्ये अणू हलून राह्यले." तुमच्याकडं कोळशाच्या गाड्यांनी जमीन थरथरते म्हणून ते इथी आली, अन् इथी माझं फर्निचर! केली बंद. तरी पडद्यावरच्या रेषा मोडतच. शोधता शोधता सापडली आमच्या सलीमाची शेळी (भिंतीले शिंगं घासून राह्यली होती). तिले हाकलताना मी भुशावरून घसरलो. गुडघा तोच.

पण भाऊ, मंग जे पाह्यलं! पोलादी डब्यात हवासुद्धा नाई. पडद्यावर राईएवढा ठिपका. त्यात लाखो अणू, उजेडानं थंड केलेले. (आपल्या चांद्यात उजेडानं माणूस शिजते, अन् इथी गारठते!) मंग उजेडाचाच एक ठोका देल्ला की अणू दोन वाटांनी जाते. "म्हणजे अर्धे इकडं, अर्धे तिकडं?" मी विचारलं. "नाई काका. एकच अणू, दोन्हीकडून." (मी एकाच वेळी आलापल्लीले अन् सिरोंच्याले गेलो, अन् परत येऊन स्वतःलेच भेटलो, असं समजा. मले तर समजलं नाई.) वाटा परत मिळाल्या की रेषा उमटतात. त्या किती सरकल्या, त्यावरून उजेडानं अणूले किती ढकललं ते कळते, अन् त्यातून अणूचं वजन निघते. उजेड ढकलते, भाऊ! सारी उमर उन्हात गेली, मले कोणी सांगतलंच नाई. पोरगी म्हणे, "काका, बसा न." बसवलं नाई. श्वाससुद्धा हळूहळू घेत उभा राह्यलो.

तुमचाच,
मुश्ताक

ता.क. स्थळाची गोष्ट काढायची राहून गेली. पुढंही काढणार नाई. माझ्या भरवशावर राहू नका. रंदा मशीन बंद आहे, तवा तुमी सांगतलेल्या पलंगालेही उशीर होईल.

आणखी ता.क. पाकीट चिकटवत होतो, तर दिव्यानी धावत आली. किती वेळा मोजलं तरी अणूच्या वजनाचा तोच आकडा येऊन राह्यला, म्हणजे जमलं. रडत होती. म्हणे, "बाबाले तुमीच सांगा, माह्यावर चिडले आहेत." मी म्हटलं, तूच लाव फोन. हे पत्र पोचायच्या आधी तो वाजला असंल. उचलला नसंल, तर आता तुमी लावा.