त्या जानेवारीतली पत्रपेटी

ओकासान,

तुम्हाला मी याच नावाने हाक मारायचे. तुमच्या जपानी भाषेत आई. तीन वर्षं क्लासला जाऊनही मला त्या भाषेत आभार मानणं आणि माफी मागणं एवढंच धड जमलं. बाकीचं सगळं मराठीतच येतं, म्हणून मराठीत लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की आता कुठल्याही भाषेत लिहिलं तरी तुम्हाला त्याचं काय?

सार्सची साथ ओसरली त्या वर्षी मी सिंगापूरला, क्लेमेंटीत एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली. पलीकडच्या खोलीत तुमचा मुलगा राहायचा. मी रॅफल्स प्लेसला बँकेत नोकरीला, तो जुरोंग आयलंडवर इंजिनियर. कंपनीची बस लवकर यायची म्हणून तो पास गळ्यात घालूनच चहा प्यायला यायचा. स्वयंपाकघर एकच. मी फोडणी दिली की हा खोकत बाहेर येणार आणि डोळे पुसत म्हणणार, "वास छान आहे." अशा माणसाशी लग्न नाही करायचं तर कोणाशी करायचं? वर्षभरात केलं. पुण्याला फोन करून आईला सांगितलं तर तिने आधी त्याची नोकरी विचारली. मग म्हणाली, "मासे खातात ना गं ते लोक?" मी म्हटलं, "कच्चे खातात."  शेवटी म्हणाली, "तुला चालतंय ना, मग झालं तर." माझी आई अशी होती. तुमची आणि तिची भेट कधीच झाली नाही.

लग्नाचा कागद घेऊन आम्ही तुमच्या गावी आलो तेव्हा नगरपालिकेच्या कचेरीत मला कळलं, की तुमच्याकडे प्रत्येक कुटुंबाची एक नोंदवही असते आणि परदेशी सुनेला तिच्यात स्वतःचा रकाना मिळत नाही. नवऱ्याच्या नावाखाली लग्नाची नोंद होते, त्या ओळीत शेऱ्यासारखं तिचं नाव येतं, तेवढंच. कचेरीबाहेर आल्यावर तुम्ही मला वाकून नमस्कार केलात, जणू तो कायदा तुम्हीच केला होता. मी हसून म्हटलं, काही हरकत नाही. हरकत होती, ओकासान. रकान्यात नाही, शेऱ्यात, हे माझ्या मनात जे बसलं ते बसलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही आंघोळीचा पहिला मान मला दिलात. मी त्या खोल टबात मस्त बसले आणि निघताना शहाण्यासारखं बूच काढून पाणी सोडून दिलं, टबही घासून ठेवला. आपण वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी ठेवायचं म्हणजे आमच्याकडे शी शी. त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं असतं, हे मला कोण सांगणार? पाण्याचा आवाज ऐकून तुम्ही आलात, रिकाम्या टबाकडे पाहिलंत आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा नळ सुरू केलात. चेहरा हसरा, तोंडातून शब्द नाही. माझ्या आईने एव्हाना सगळी सोसायटी डोक्यावर घेतली असती आणि तासाभराने गरम पोळी वाढली असती, विषय संपला. तुम्ही रागावलात की नाही, हे मला चार दिवस कळेना. आजही कळलेलं नाही.

पण नवीन वर्षाच्या कार्डांचं तुम्ही मला शिकवलंत. डिसेंबरात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सिंगापूरला पाठवलात, सोबत नमुना, कोणाला काय लिहायचं त्याचा. मी शाळकरी पोरीसारखी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर गिरवलं. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या गावाहून नवीन वर्षाची कार्डं आली. तुमचं, मावशींचं, काकांचं, शेजारच्या आजींचं. प्रत्येकावर तुमच्या मुलाच्या नावाशेजारी माझं नाव. ब्लॉकखालच्या पत्रपेटीपाशी उभी राहून मी ती नावं दोनदा वाचली. वर आल्यावर त्याला म्हणाले, "बघ, रकाना मिळाला."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, माझी आई गेली. मी पुण्याला पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. चौथ्या दिवशी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला तीन दिवसांचंच सुतक. फिटलं तुमचं. तुम्ही आता मोकळ्या." तिने रीत सांगितली, तिचं काही चुकलं नाही. पण आई माझी, आणि मी मोकळी? सिंगापूरला परत आले. रीत काहीही असो, त्या दिवाळीत मी पणती लावली नाही, कढई चढवली नाही, कोणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. सुतकाच्या घरी फराळ करत नाहीत म्हणून एक मैत्रीण डबा देऊन गेली. तुमचा मुलगा सगळं बघत होता. तुमचा मात्र मला फोन आला नाही. त्याच्याशी बोललात आणि ठेवून दिलात.

डिसेंबरात कोरी कार्डं आली नाहीत. जानेवारीत पेटी रिकामी. मी रोज कामावरून येताना कुलूप उघडायचे आणि पिझ्झाची पत्रकं काढून घ्यायचे. वरच्या मजल्यावरची चिनी आंटी एकदा म्हणाली, "नो लेटर अगेन, आह?" मी मान हलवली आणि लिफ्टमध्ये रडले. एकाचंही नाही, ओकासान. शेजारच्या आजींचंही नाही. आई गेलेल्या बाईला दोन ओळी लिहायला तुमच्या अख्ख्या गोतावळ्यात कोणाचाही हात वळू नये? मी ठरवून टाकलं: एक वर्ष हौस केली या लोकांनी, आता शेऱ्यातलं नाव शेऱ्यातच ठेवणार. त्याला विचारलं नाही. न विचारता त्याला कळायला हवं, असा माझा हट्ट.

फेब्रुवारीत कंपनीने त्याला जपानला परत बोलावलं. हे ठरलेलंच होतं, मी जायला तयार होते. तुमच्या घराची मागची खोली आमच्यासाठी रिकामी केलीत असंही कानावर होतं. तो खुशीत म्हणाला, "एप्रिलपासून आईजवळ राहू."

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"तुझ्या आईला विचार. तुमच्या घरच्यांना मला जे सांगायचं होतं ते त्यांनी जानेवारीत सांगितलंय."

त्याने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. मग "समजलं" म्हणाला. काही समजलेलं नव्हतं, पण तो तुमचाच मुलगा, पुन्हा विचारणार कसा? आणि मी माझ्या आईची मुलगी असून त्या दिवशी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तो एकटा गेला. सुट्टीत यायचा, मग सुट्ट्या कमी झाल्या, मग टपालाने घटस्फोटाचे कागद आले आणि मी सह्या केल्या. मी इथेच राहिले. एक शेगडी, एक कप, कामाला जाणं-येणं. फोडणीला खोकायला कोणी नाही.

मग एका ऑगस्टमध्ये तुम्ही गेलात. त्याने फोन करून कळवलं, मी जुजबी बोलले. त्या डिसेंबरात मात्र पेटीत त्याचं एक कार्ड सापडलं, राखाडी काठाचं. मला वाचता येईना, म्हणून ऑफिसात टोकियोहून आलेल्या एका बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "घरात मृत्यू झाला की त्या वर्षी आम्ही नवीन वर्षाची कार्डं पाठवत नाही. सगळ्यांना आधीच असं कळवतो, म्हणजे तेही पाठवत नाहीत. आपल्या आईवडिलांसाठी पाळतात, तसं बायकोच्या आईवडिलांसाठीही."

 जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. विचारलं, "माझी आई गेली त्या वर्षी...?"

"हो. आईने सगळ्यांना कळवलं होतं," तो म्हणाला. "खरं तर मी पाळायचं असतं, तिच्यावर काही बंधन नव्हतं. मावशी म्हणालीही, ज्या बाईला कधी पाहिलं नाहीस तिचं कसलं पाळतेस? आई म्हणाली, सुनेची आई म्हणजे घरातलंच माणूस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत आहे असंच वाटलं मला. तूही दिवाळी केली नव्हतीस."

 माझ्या माहेराने मला तीन दिवसांत मोकळं केलं आणि तुम्ही न पाहिलेल्या बाईसाठी वर्ष पाळलंत. रिकामी पेटी हेच तुमचं पत्र होतं. मी स्वतः काळोखी दिवाळी करून बसले होते, तरी मला ते वाचता आलं नाही. जानेवारीतल्या रिकाम्या पेटीचा मी काय अर्थ लावला होता, हे मी त्याला त्या फोनवरही सांगितलं नाही. त्याचं तोवर दुसरं लग्न ठरलं होतं.

तुमचा पत्ता अजून पाठ आहे, पण हे कुठे टाकणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात आणि कार्ड आलं डिसेंबरात. मधे दिवाळी होती. कागदावरचं नातं संपलेलं, मला विचारणारं कोणी नव्हतं. मी एक दिवससुद्धा पाळला नाही. त्या वर्षी मी चकल्या केल्या, डबे भरून ऑफिसात नेल्या. सगळ्यांनी मागून मागून खाल्ल्या आणि मला फार बरं वाटलं.