नाव घेईन तेव्हाच बाहेर या

१२ फेब्रुवारी

आज सकाळी भट्टीवर पोचल्यावर मी सर्वांत आधी एक चांगली भाजलेली वीट निवडली, बोअरच्या पाण्यानं धुतली, खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर विठ्ठलाचा फोटो उभा केला. दोन उदबत्त्या लावल्या. मगच मालकांना रामराम करायला गेलो. देवरावजी ते पाहून हसले. म्हणाले, "रामाजीभाऊ, तुमचा देव तं विटेवरच उभा हाये. त्याले इथी परकं वाटनार नाई." मलाही ते पटलं.

खोली पत्र्याची आहे, पण दारापुढे पळस आहे आणि तो फुलायला लागलाय. मागे नाला, नाल्यापलीकडे जंगल. राजुऱ्याचा रस्ता दिसत नाही, कोळशाच्या ट्रकांचा आवाज तेवढा येतो. माझं काम दिवाणजीचं. माती कालवली का, मूल गावाहून कोंड्याची गाडी आली का, भट्टी नीट रचली जाते का, ते पाहायचं. पोंभुर्ण्याकडे चिखलात धान लावता लावता पन्नाशी आली. आता सावलीतलं काम मिळालं, देवाची कृपा.

आणखी एक आनंदाची गोष्ट. माझ्या देखरेखीखाली जी पहिली भट्टी निघेल तिच्या विटा आमच्या गावच्या प्रार्थनामंदिराला द्यायचा शब्द देवरावजींनी दिलाय. इतकी वर्षं आम्ही पिंपळाखाली उघड्यावर प्रार्थनेला बसतो. रामाजीनं मंदिर उभं केलं असं गावात म्हणतील, असा विचार मनात आला. आला म्हणून लिहून ठेवतो.

१५ फेब्रुवारी

साच्यातून काढलेल्या ओल्या विटा ओळीनं मैदानभर वाळत घालतात. वरची बाजू सुकली की त्या परताव्या लागतात. मोठ्या माणसाचा पाय पडला तर वीट बसते, म्हणून हे काम लेकरं करतात. विटांवरूनच चालत जातात, वाकून वाकून एकेक परततात. पाऊल उमटत नाही. भट्टी रचणारा हेमराज मोठ्या कौतुकानं म्हणाला, "पोट्टे नाई भाऊ, पाखरं हायेत. दाखवा बरं एक तरी ठसा." मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. पाहत राहावं असं ते चालणं होतं.

बहुतेक लेकरं आपापल्या आईबापांबरोबर आली आहेत. तीन मात्र एकटी आहेत. बुधरी नऊ-दहा वर्षांची असेल, चंदन तिच्याहून लहान, आणि एक अगदी बारका. त्याला सगळे बारक्या म्हणतात. मुकादमानं त्यांना गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतून आणलं. विटा थापणारी धुरपताबाई त्यांना आपल्या चुलीवर जेवू घालते. ती म्हणाली, शाळेत घालतो असं आईबापांना सांगून आणलंय. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "इथी दोन टाइम पोटाले भेटते. तिथी काय भेटे?"

मी मान डोलावून कोंड्याची गाडी उतरवून घ्यायला गेलो. खरं म्हणजे उत्तर सुचलं होतं.

२० फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत बारक्या माझ्या दारात येऊन बसतो. त्याला मराठी येत नाही. आज फोटोकडे बोट करून काही विचारत होता. बुधरीनं सांगितलं, हा विटेवर काऊन उभा हाये, असं विचारून राह्यला.

मी गोष्ट सांगितली. भक्त आईबापांची सेवा करत होता, तेव्हा देव दारात आला. भक्तानं वीट पुढे सरकवली आणि म्हणाला, थांब इथे. देव थांबला. अजून थांबलाय. बुधरीनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. मग पोरानं विचारलं, याला आत ये असं कोण म्हणणार?

मला हसू आलं. गुळाचा खडा दिला. खडा मुठीत धरून तो पुन्हा विटांवर गेला.

२७ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे मन शांत होईल.

भट्टी रचून झाली होती. संध्याकाळी पेटवायची होती. विटा माझ्या गावच्या मंदिराच्या, म्हणून पेटवायचा मान मालकांनी मला दिला. दुपारी त्यांना फोन आला. एकटी राबणारी लेकरं शोधत सरकारी जीप भट्ट्याभट्ट्यांवर फिरते आहे, आता इकडेच निघालीय. आईबापांबरोबरच्या लेकरांचं काहीतरी सांगता आलं असतं. या तिघांचं काय सांगणार? मालक म्हणाले, "भाऊ, तुमीच पाहा आता. मंदिराच्या इटा हायेत. अडकल्या तं अडकल्या."

मी पाहिलं. जळण सारायला भट्टीच्या पायथ्याशी तोंडं ठेवतात, लेकरू रांगत जाईल एवढी; आतली वाट वळत पलीकडच्या तोंडाशी निघते. शेवटचं तोंड रिकामं होतं. तिघांना मी त्यात घातलं. बुधरीकडून दोघांना बजावलं, आवाज करायचा नाही. कोणीही हाक मारली तरी यायचं नाही. मी ज्याचं नाव घेईन त्यानंच बाहेर यायचं. मग तोंडावर फटी ठेवून विटा रचल्या. बारक्याला काल-परवापासून ताप होता. आत गार आहे, बरंच वाटेल त्याला, असं मी मनाशी म्हटलं.

जीपमधल्या मॅडम शांत बोलणाऱ्या होत्या. आईबापांशिवाय आलेलं एखादं लेकरू आहे का, असं त्यांनी मला विचारलं. कदाचित माझ्या गळ्यातली माळ पाहून मलाच विचारलं. मी नाही म्हणालो. जाताना त्यांनी लेकरांच्या मदतीच्या १०९८ नंबरचा कागद हातात दिला. म्हणाल्या, कधीही फोन करा, स्वतःचं नाव सांगायची गरज नाही.

जीप गेली तोवर दिवस मावळतीला आला होता. धूळ बसल्यावर विटा काढल्या. बुधरी म्हटलं, ती आली. चंदन म्हटलं, तो डोळे चोळत आला, झोपला होता. मग बारक्या म्हटलं. पुन्हा म्हटलं. मोबाइलचा उजेड टाकला, पण पुढे वाट वळते, तिथलं दिसेना. तो पार आत सरकला होता, असं बुधरी म्हणाली. मालक म्हणाले, पलीकडच्या तोंडातून निघाला असेल, जंगलातलं पोरगं, पळाला असेल. मी नाल्यापर्यंत जाऊन हाका मारल्या. परत आलो तोवर गड्यांनी तोंडात लाकडं सारली होती. मुहूर्त झाला होता. कापूर माझ्या हातात दिला.

मी पेटवली.

२ मार्च

बारक्या आलेला नाही. धुरपताबाई अजून तीन ताटल्या मांडते. मी म्हटलं, घरी पोचला असेल. ती म्हणाली, "त्याचं घर कोन्या दिशेले हाये, हे तं मले बी नाई सांगता येत. त्याले कसं ठाव?"

आज भर दुपारी सगळे सावलीला पडले होते. उठून पाहतात तो ओल्या विटांवर पावलं. लहान, बोटं स्पष्ट. मालक बुधरीवर ओरडले. ती विटांवर चढली आणि ओळीच्या टोकापर्यंत चालून परत आली. एकही ठसा नाही. हेमराज म्हणाला, "कोनी तरी लय जेवून आला वाट्टे." दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही.

५ मार्च

पुन्हा पावलं. तेवढीच लहान, पण खोल. डोक्यावर पोतं घेतलेला गडी चालल्यासारखी. आजची ओळ भट्टीपासून सुरू होते आणि माझ्या खोलीकडे येते.

प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले की कापराचा वास येतो. कापूर मी घरात आणलेला नाही.

९ मार्च

हेमराजबरोबर चहा पीत होतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या शेवटच्या तोंडाची पलीकडची बाजू किती रुंद असते, लेकरू निघेल ना? तो म्हणाला, "पलीकडं कुठी तोंड? ते तं म्या सकाळीच बुजवलं. जीप याच्या आंधी."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेव्हाच कळलं. कप तसाच ठेवून तो उठला. दुपारी बिऱ्हाड बांधून मूल गावी निघून गेला.

मी मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते मोबाइल पाहत होते. वर न पाहता म्हणाले, "भाऊ, कापूर कोनं लावला?"

मी खोलीत परत आलो. त्या दिवशी मी नाल्यापर्यंत गेलो. नाल्यापर्यंत जायला वेळ होता मला. भट्टीला वळसा घालायला नव्हता.

१२ मार्च

सकाळी उठलो तर विठ्ठलाचा फोटो खाली जमिनीवर उभा होता. पडलेला नव्हे, उभा. आणि त्या विटेवर दोन पावलं. भाजलेली वीट ती, तिच्यावर कशाचाही ठसा उमटत नाही. बोट फिरवून पाहिलं. खोल आहेत. कोणीतरी फार वेळ एका जागी उभं राहिल्यासारखी.

थांब म्हणालो होतो मी.

१४ मार्च

भट्टी निवली. वरचे थर उतरवले. प्रत्येक विटेवर पाऊल आहे. प्रत्येक. गडी हात लावेनात. मालक म्हणाले, ठशाची बाजू आत करून रचा, वरून गिलावा बसला की मंदिरात कोणाला काय दिसतंय.

भिंतीत. आम्ही डोळे मिटून बसू आणि भिंतीत —

धुरपताबाईनं कानावर घातलं, मुकादम परवा गाडी घेऊन येतोय. बुधरीला आणि चंदनला तेलंगणात मिरची तोडायला नेणार. एकदा तिकडे गेली की कुठे शोधायची?

१०९८चा कागद फोटोच्या मागे आहे. काढला. फोन हातात घेतला. मंदिर डोळ्यांपुढे आलं. गावची माणसं आली. मग बेड्या आल्या. फोन ठेवला.

वीट ऊन आहे. भट्टीतली नव्हे, देवाची.

१५ मार्च

बुधरीला विचारलं, त्याचं नाव काय होतं?

ती म्हणाली, सुकलू.

आधी का नाही सांगितलं म्हटलं. म्हणाली, "कोनं इचारलं?" मग थोड्या वेळानं, "तुमीच बोलले होते ना, नाव घेतल्याबिगर येऊ नको म्हनून. तो लय आयकते. तुमी त्याचं नाव काऊन नाई घेतलं?"

रागानं नाही विचारलं तिनं. खरंच विचारलं.

कदाचित तापात झोपला असेल. देवा, झोपलेला असू दे. पण जागा असेल तर — मी बारक्या म्हणत होतो, आणि तो आत ऐकत होता, आणि ते त्याचं नाव —

पावलं दारापाशी थांबलीत. उंबरठ्याच्या आत येत नाहीत. वाट पाहतात.

१६ मार्च, सकाळ

केला फोन.

नाव सांगायची गरज नाही म्हणाल्या. सांगितलं. रामाजी, दिवाणजी, कापूर मीच लावला. मग बुधरी, चंदन. मग सुकलू. तिघांचीही नावं सांगितली. जीप निघाली आहे, पोलीसही. त्याच मॅडम आहेत. मालकांचं नाव सांगितलं, मुकादमाचंही. विटा मंदिराला जाणार नाहीत, एकही नाही.

मुकादमाची गाडी आधी आली तर — म्हणून दोघांना माझ्या खोलीत ठेवलंय. धुरपताबाई विळा घेऊन दारात बसली आहे. म्हणाली, "येऊ दे त्याले. मी बी पाह्यतो."

मी भट्टीच्या शेवटच्या तोंडाशी बसून लिहितोय. पेटवल्यावर गड्यांनी ते विटांनी बुजवलं, ते अजून तसंच आहे. आम्ही येईपर्यंत एकाही विटेला हात लावू नका, असं मॅडमनी बजावलंय. लावलेला नाही.

नुसती हाक मारली. त्या दिवशी मारायची होती ती. सुकलू, म्हटलं. सुकलू, बाळा, ये आता बाहेर.

आत काही सरकलं. राख पडल्यासारखं.

वरची वीट हलली. मी हात लावलेला नाही. दुसरी — आतूनच कोणी एकेक वीट बाजूला ठेवतंय, सावकाश, ओळीनं, परतून ठेवतात तशी —

ऊन वाफ येते आहे. कापराचा वास. सुकलू, मी इथेच आहे, कुठे जात नाही. ये, दिसले मला तुझे पाय —