पातेल्याला उत्तर

१४ ऑक्टोबर, जर्सी सिटी

वरचं पातेलं पुन्हा सुरू! दिवेलागणीला टण-टण, टण-टण — पालथ्या पातेल्यावर डाव आपटावा तसं. मी देवांगला म्हटलं, वरती कुणाला मुलगा झालाय वाटतं, थाळ्या वाजतायत. लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "काय वाजतंय? मला तर काही ऐकू येत नाही यार."

नवऱ्याला सध्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. नोकरी गेल्यापासून दिवसभर अर्ज. या महिन्यात दुसरी लागली नाही तर व्हिसा संपला, आणि त्याच्या व्हिसावर माझा. विषय निघाला की मी भांडी घासायला उठते.

१५ ऑक्टोबर

पुन्हा. देवांग म्हणतो, हीटिंगचा पाइप असेल. पाइप ताल धरतो का!

१८ ऑक्टोबर

शेवटी वर गेले. दिवाळीच्या चकल्या घेऊन — रिकाम्या हाताने तक्रार कशी करायची? वर आमिनाता आंटी राहतात, एकट्याच. आबिदजानच्या, आयव्हरी कोस्टमधल्या. डे-केअरमध्ये मुलं सांभाळतात. आजवर लिफ्टमधल्या हॅलोपलीकडे ओळख नव्हती.

म्हटलं, आंटी, संध्याकाळी जरा हळू वाजवाल का?

चकली तोंडाशी नेलेली तशीच राहिली. "मी नाही वाजवत," म्हणाल्या. मग अगदी हळू — "उर्वी, तुलाही ऐकू येतं?"

जिना कसा उतरले, आठवत नाही.

२२ ऑक्टोबर

आज आंटींनीच बोलावलं. आलं घातलेलं कसलंसं लाल सरबत दिलं आणि सांगत बसल्या.

त्यांचा भाग आबोबो. आबिदजानच्या एका टोकाला, गरिबांचा, दाटीवाटीचा. २०११ साली निवडणूक हरलेल्या राष्ट्राध्यक्षाने खुर्ची सोडली नाही आणि तिथल्या गल्ल्यांत बंदूकवाले शिरायला लागले. बायकांचा मोर्चा निघाला, त्याच्यावरही गोळ्या. मग लोकांनी एक केलं — गल्लीत कुणी अनोळखी शिरलं की पातेलं बडवायचं. एकाने वाजवलं की शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. सगळी गल्ली वाजायला लागली की ते बरेचदा परत फिरायचे.

"त्या दिवशी सेकूने वाजवलं. माझा धाकटा भाऊ. कुणी उत्तर दिलं नाही. आवाज केला तर आपलंच दार कळेल ना! मीही पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिले." सेकू पुन्हा दिसला नाही.

"हा त्याचाच हात आहे. तो ताल मी ओळखते. ते येणार असतील तेव्हाच तो वाजवतो."

आमच्याकडे २०२० मध्ये आईने कोरोना पळवायला बाल्कनीत थाळी बडवली होती. पोचा आला म्हणून आम्ही केवढे हसलो होतो. तीच थाळी इकडे येताना तिने माझ्या बॅगेत घातली.

२६ ऑक्टोबर

आंटींचा आसऱ्याचा अर्ज किती वर्षं नुसता पडून आहे. हल्ली अशांनाही धरून नेतात, म्हणून भाचीकडे फिलाडेल्फियाला चालल्या. बॅगा मीच खाली नेल्या. झाडांना पाणी घालायला किल्ली मला दिली. टॅक्सीत बसताना माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ऐकलंस तर उत्तर दे."

२९ ऑक्टोबर

आले! सकाळी, चौघं. तोंडावर मास्क, अंगावर ना गणवेश ना बिल्ला — इमिग्रेशनवालेच असणार. वरचं दार बडवत होते. जिन्यात मला विचारलं, बाई कुठे गेली? माहीत नाही म्हटलं. मजल्यावरचं एकही दार उघडलं नाही.

देवांगला सगळं सांगितलं. हसला नाही.

३० ऑक्टोबर

पातेलं शांत. काल संध्याकाळीही शांत. आंटी सुटल्या! सेकूचं काम झालं म्हणायचं. खूप दिवसांनी झोप लागली.

५ नोव्हेंबर

आणखी एक नकार. मुदत संपली. वकील म्हणतो, घाबरू नका. म्हणजे घाबरायची वेळ आली.

७ नोव्हेंबर

वरच्या झाडांना पाणी घालून, कुलूप लावून नुकतीच खाली आले होते. टण-टण, टण-टण.

देवांगने लॅपटॉपमधून मान वर काढली. "उर्वी, हे कोण वाजवतंय?"

आईची पोचा आलेली थाळी माळ्यावरून काढली. वाजवली, हात दुखेपर्यंत. आता दोघं कान देऊन बसलोय — शेजारून कुणी उत्तर देतंय का.